ओळखीच्या माणसाची हळद: विश्वास पुरेसा आहे का?

निवृत्त शिक्षक, विश्रामबाग:
"तपासणीचे अहवाल विकत मिळतात, ओळखीच्या माणसाकडून हळद घ्या आणि निर्धास्त राहा," हा येथील कालचा मजकूर वाचून गप्प बसवेना. वीस वर्षे एकाच ओळखीच्या दुकानातून मी हळद घेतली आणि गेल्या वर्षी नमुना तपासून घेतला, तर त्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला पिवळा रंग, निघाला. दुकानदार सज्जन आहे; त्याने ज्याच्याकडून माल घेतला, तोही त्याच्या ओळखीचाच होता. शिसे जिभेला लागत नाही, दिसतो तो फक्त पिवळाधमक रंग.

हळद उत्पादक, मिरज तालुका:
कालचा मजकूर माझा आहे. 2015 मध्ये शिसे जास्त असल्याच्या अहवालांवरून मॅगी नूडल्सवर जूनमध्ये बंदी आली आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कोणत्या प्रयोगशाळेचे खरे मानायचे? आमचे बिनरंगाचे हळकुंड सौद्यात मळकट ठरते आणि दर पडतो. हा रंग ग्राहकालाच हवा असतो, गुरुजी.

द्राक्ष बागायतदार, तासगाव:
प्रयोगशाळेला नावे ठेवू नका. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा कित्येक बागायतदार कर्जात गेले. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, काढणीआधी नमुना जातो, म्हणून तिकडचा ग्राहक पुन्हा विश्वास ठेवतो.

गृहिणी, मिरज:
आणि इकडच्या ग्राहकाचे काय? गाड्यावरच्या घडावर पांढरे डाग दिसले, म्हणून विचारले, तर "ताई, धुऊन खा" एवढेच उत्तर मिळाले. परदेशातल्या मुलांसाठी अहवाल आणि माझ्या मुलांसाठी नळाचे पाणी, हे मला मान्य नाही.

द्राक्ष बागायतदार, तासगाव:
सगळे डाग विषाचे नसतात, आणि त्याच बागेतला माल इकडेही येतो. मात्र इकडे अहवाल कोणी मागत नाही, हे कबूल करावे लागेल.

निवृत्त शिक्षक, विश्रामबाग:
मागायला हवा. बांगलादेशात 2019 मध्ये हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. लोकांना धोका सांगितला, व्यापाऱ्यांना दंड केला आणि 2021 मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. रंगाचा दोष ग्राहकाचाही आहे, हे उत्पादकांचे म्हणणे मात्र मला नाइलाजाने मान्य आहे.

हळद उत्पादक, मिरज तालुका:
यंदा सौद्याआधी नमुना देतो. अहवाल स्वच्छ आला, तर मळकट हळकुंडाला पूर्ण दर द्यायला तुमच्यापैकी कोण येणार, ते आजच सांगा.