टाचणे, धावदोरा, उसवणे: हाताने शिवायच्या झग्याचे शब्द

घरी हाताने एक झगा शिवतेय, 1780च्या सुमाराच्या इंग्रजी घाटाचा. पाठीवरच्या घड्या कमरेपर्यंत दाबून शिवलेल्या आणि खाली मोठा घेर. एलियस हाऊचं शिलाई मशीनचं पेटंट 1846चं, तेव्हा यातली एकही शिवण मशीनवर घालायची नाही असं ठरवलंय. कृती वहीत मराठीत लिहून ठेवतेय आणि तिथेच अडलेय.

‘गाऊन’ लिहिलं की घरात सगळ्यांना मॅक्सीच आठवते, म्हणून ‘झगा’ लिहिलं. खरा प्रश्न पुढचा. अस्तर आधी अंगावर बेतायचं, त्यावर वरचं कापड बसवायचं आणि पक्की शिवण घालण्याआधी सगळं लांब टाक्यांनी धरून ठेवायचं. शिवणक्लासमध्ये याला ‘कच्चा टाका’ म्हणायचे. आई म्हणते ‘टाचून घे’. दोन्ही एकच का? आणि घेराच्या उभ्या शिवणी नुसत्या धावदोऱ्याच्या, म्हणजे सुई वर-खाली करत सरळ पुढे नेलेल्या टाक्यांच्या असतात, त्यांना ‘कच्ची शिलाई’ म्हणायचं का?

प्रतिसाद:

ताई, आईंचा शब्द ठेवा. साडीला फॉल लावताना आपण आधी टाचून घेतो, मग हातशिलाई करतो आणि टाचलेला दोरा ओढून काढतो. काढण्यासाठीच घातलेला दोरा, हा अर्थ ‘टाचणे’मध्ये पुरा येतो. ‘कच्चा’ म्हटलं की काम कुठेतरी उणं राहिलं असं वाटतं.

धावदोरा हे टाक्याचं नाव, टाचणं हे कामाचं. टाचायलाही बहुधा धावदोराच घालतात, म्हणून घोटाळा होतो. गोधडीवरचा धावदोरा मात्र कायमचा, त्याला कुणी टाचणं म्हणत नाही.

घेराच्या शिवणींना तर कच्ची मुळीच म्हणू नका. त्या काळी कापड महाग आणि शिवणावळ त्यामानाने स्वस्त. घेरावर ताण येत नाही, त्यामुळे लांब टाका पुरतो. शिवाय काही वर्षांनी झगा उसवून नव्या घाटाचा करायचा झाला तर कापडाला इजा होत नाही. ताण येतो तिथे, बाही जोडताना वगैरे, उलटी टीप घाला, म्हणजे दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन पुढे काढा. मराठीत ‘शिवण उसवली’ हे आपोआप उसवली तरी म्हणतात आणि मुद्दाम उसवली तरी. तुमच्या झग्याला दुसरा अर्थ हवा. उसवता यावं म्हणूनच तो तसा शिवलेला असतो.

प्रतिसाद:

‘टाचणी’ विसरू नका! ती याच धातूची. त्या झग्यांचा पुढचा भाग बऱ्याचदा टाचण्यांनीच बंद करत, बटणं न लावता. म्हणजे शिवतानाही टाचायचं आणि नेसताना, चुकलं, घालतानाही टाचायचं. माझी आई शिक्षिका होती, रोज रात्री पाठाचं टाचण काढायची. तेही तसंच, उद्याच्या तासापुरते मुद्दे धरून ठेवलेले. शिवणातला शब्द शाळेत गेला याचा मला फार आनंद वाटतो.

प्रतिसाद:

कापड कोणतं घेतलंय? फुलांचं छापील सुती असेल तर वहीत ‘चीट’ लिहा. आमच्याकडे चिटाचं पोलकं म्हणत. इंग्रजी चिंट्झ हा शब्द इकडूनच गेला, कोरोमंडल किनाऱ्यावरच्या रंगवलेल्या कापडाबरोबर. ते तिकडे इतकं खपलं की लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली, आणि 1721च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालायलाच बंदी आली. इंग्लंडमध्येच विणलेल्या सुती कापडाला 1774मध्ये मोकळीक मिळाली. तेव्हा 1780च्या झग्याला चीट शोभेल, फक्त ते तिकडच्या मागावरचं असेल.

मूळ प्रश्न विचारणारी:

चीटच आहे, तांबड्या वेलीचं. ‘कच्चा टाका’ खोडून ‘टाचणे’ लिहिलं. दोऱ्याला मेण लावलं की गाठी कमी पडतात, हेही टिपून ठेवलं.

आता एकच उरलं. घेर कमरेला जोडताना ज्या घड्या घालतात त्यांना मी ‘निऱ्या’ लिहिलंय, ‘चुण्या’ नाही. दोरा ओढून गोळा केलेल्या त्या चुण्या, आणि या तर बोटांनी एकेक घालून सपाट बसवलेल्या. पण निऱ्या न शिवलेल्याच असतात असं सासूबाईंचं म्हणणं आहे. तुमच्या घरी शिवलेल्या घडीला काय म्हणतात?