हॉल रायफल, मॉडेल १८१९: तोंडाशी चरे का नाहीत?

हॉल रायफल ही मागच्या टोकाने भरायची जुनी अमेरिकी लष्करी बंदूक. तिच्या नळीच्या तोंडाशी चरे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) दिसत नाहीत, म्हणजे कुणीतरी नळी बदलली असावी, अशी शंका एकांनी काढली आहे. तसं नाही. हार्पर्स फेरी या अमेरिकी सरकारी शस्त्र कारखान्याच्या हॉल रायफलला १६ उथळ चरे असतात, पण तोंडाकडचा साधारण दीड इंच भाग मुद्दाम घासून गुळगुळीत केलेला असतो. दिवा आत धरून बघा, चरे खोलवर सापडतील. माशी (नेम धरायचा पुढचा उंचवटा) आणि नेमाची मागची खाच डावीकडे सरकलेली असते, तीही चूक नाही; घोडा (आपटणारा हातोडा) मधोमध असल्याने नेम बाजूनेच धरावा लागतो.

खरी गोम चकमकीत, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या यंत्रणेत आहे. मूळ चकमकीच्या बऱ्याच बंदुका पुढे टोपीच्या (घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीवर चालणाऱ्या) केल्या गेल्या. त्यामुळे अस्सल चकमकवाल्या दुर्मीळ, आणि भाव वाढवण्यासाठी टोपीची बंदूक पुन्हा चकमकीची करणारे उपटसुंभ पुष्कळ. रंजकाच्या (ठिणगी झेलणाऱ्या दारूच्या) वाटीभोवती वेल्डिंगची खूण, धातूचा वेगळा रंग, काना (वाटीतली आग आत नेणारं छिद्र) कोरा करकरीत दिसणं, हे दिसलं की हात आखडता घ्या.

दारू-गोळी भरायला वर उचलला जाणारा मागचा ठोकळा आणि नळी यांतली फट तपासा. तिथून वायू निसटायचा, हीच या रचनेची मुख्य उणीव. फट मोठी असेल तर भाव पाडून मागा. आणि गंज पॉलिश करून 'चकाचक' केलेला नमुना? मी तरी घेणार नाही. ठोकळ्यावरचं हॉलचं नाव आणि साल पुसट झालं की निम्मी मजा गेली.