शब्दचर्चा : संताचा 'सण', 'फेस्त' की 'पुण्यतिथी'?

पानवेल (वसई) : मंडळी, एक मदत हवीय. आमच्या वाडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी रोज सकाळी आजचा संत, मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वाचनातली एक ओळ आणि खाली चार ओळींचं चिंतन टाकतो. चर्चच्या इंग्रजी कॅलेंडरात संतांच्या दिवसांचे सॉलेम्निटी, फीस्ट, मेमोरियल असे उतरते दर्जे असतात, मी सगळ्यांना सरसकट 'सण' लिहितो. यंदा गोन्सालो गार्सियाच्या दिवशी वाटलं की आपल्या वसईचा माणूस, तिकडे नागासाकीला क्रुसावर गेला, त्याला सण कसं म्हणायचं, म्हणून 'पुण्यतिथी' लिहिलं. तर एका मावशींनी सगळ्यांसमोर झापलं, "पुण्यतिथी पुढाऱ्याची असते रे, संताचा सणच!" तर मराठीत तीन दर्जांना तीन शब्द सुचवा, आणि मावशींना काय सांगू तेही.

गवतीचहा (रत्नागिरी) : पुण्यतिथीत वावगं काय? आमच्याकडे ज्ञानोबांचा समाधीचा दिवस, तुकोबांची बीज, सगळे जाण्याचेच दिवस मोठे. संताचा जन्मदिवस कोण विचारतो.

क्रुसाचा नाका : आमच्यातही तेच. लॅटिनमध्ये तर मरणदिवसालाच 'दिएस नातालिस' म्हणजे जन्मदिवस म्हणतात, स्वर्गातला. पृथ्वीवरच्या जन्माचा दिवस तिघांचाच, येशूचा २५ डिसेंबर, मारियामातेचा ८ सप्टेंबर, योहान बाप्तिस्ताचा २४ जून. पण गोन्सालोला पुण्यतिथी हिशेबानेच बसत नाही हो. मरण ५ फेब्रुवारी १५९७ चं आणि कॅलेंडरात दिवस ६ चा, कारण ५ तारीख संत आगाथेची. म्हणजे मावशी जिंकल्या, पण वेगळ्याच कारणाने :)

शुद्धलेखन आजोबा : मुळात तिथी चंद्राची. ६ फेब्रुवारी ही तारीख आहे. 'पुण्यतारीख' म्हणावे.

गवतीचहा : आजोबा, ३० जानेवारीला अख्खा महाराष्ट्र गांधीजींची पुण्यतिथी म्हणतो, पंचांग कोण उघडतं? आता शिवजयंती नका काढू, प्लीज.

बांगडातिकला (मालवण) : आमच्याकडे सण बिण कोण म्हणत नाय, फेस्तच म्हणतत. पण फेस्त म्हणजे नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, मग मोठी मिस्सा, बाहेर खाजाची दुकानं, मुंबयसून आलेले पावणे. रोज सकाळी मोबाईलवर टिंग करून येणारा संत म्हणजे फेस्त नव्हे. तो कॅलेंडरातला संत. ह्यो फरक तुमच्या तीन दर्जांत बसताच नाय.

शुद्धलेखन आजोबा : फेस्त पोर्तुगीज आहे. आपला शब्द असताना उसना कशाला?

बांगडातिकला : मग बटाटो, पाव, चावी, बादली सगळा परत करूया, बोट कधी सुटता सांगा.

क्रुसाचा नाका : आणि 'सण' तरी कुठे सोवळा आहे, संस्कृत क्षण, प्राकृतात छण, घासून घासून सण. आजोबांना शुद्धच हवं तर 'गोन्सालोचा क्षण' लिहा.

पानवेल : अहो दर्जांचं काय? २२ जुलैला मरिया मग्दालिया येते. २०१६ साली पोप फ्रान्सिसनी तिला मेमोरियलवरून फीस्टला चढवलं. मी आधीही सण लिहायचो, नंतरही सण, तर मग बिचारीला बढती मिळाल्याचं ग्रुपला कळणार कसं?

रेवदंड्याची : सोहळा, सण, स्मरणदिन. संपला विषय.

गवतीचहा : सोहळा म्हटलं की मला पालखी दिसते, नाहीतर लग्न.

क्रुसाचा नाका : आणि २०२३ ला १९ मार्च उपवासकाळातल्या रविवारी आला म्हणून योसेफाचा दिवस सोमवारी सरकवला होता. 'संत योसेफाचा सोहळा पुढे ढकलला' असं लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं मुलीकडचे काय म्हणाले.

बांगडातिकला : योसेफ कोण? आमचो जुझे.

रेवदंड्याची : सोहळ्याला एवढं हसू नका. फादर स्टीफन्सनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलंय, कुणाला पालखी दिसली नाही. चारशे वर्षांपूर्वीचा इंग्रज पाद्री मराठीला आपल्यापेक्षा जास्त मोकळेपणाने वापरतो आणि आपण स्मरणदिनाला घाबरतो. स्मरणदिन चांगला शब्द आहे, तारीख मरणाची असो नसो, चालतो. मावशींनाही चालेल.

पानवेल : स्मरणदिन घेतला. सोहळ्यावर अजून मन बसत नाही. मोठ्या दिवसाला वैकुंठबिकुंठ काही लिहिलं तर मावशी ग्रुप सोडतील.

गवतीचहा : एक बाळबोध शंका. मिस्सा हा शब्द मिसळण्यावरून का? सगळे एकत्र मिसळतात म्हणून? आमची आजी असंच सांगायची.

क्रुसाचा नाका : आजीला नमस्कार, पण नाही. लॅटिन मिस्सेत शेवटी 'इते, मिस्सा एस्त' म्हणतात, म्हणजे जा, आता निरोप. निरोपाच्या शब्दावरून अख्ख्या विधीला नाव पडलं.

गवतीचहा : आजीचं जास्त पटतं मला.

शुद्धलेखन आजोबा : मग 'ख्रिस्तयाग' का नको?

बांगडातिकला : म्हणा की. पण रविवारी सकाळी घरात "चल ख्रिस्तयागाक" असा ओरडून बघा, पोरगो अंथरुणातून उठता काय तां सांगा.

रेवदंड्याची : ख्रिस्तयाग छापील पुस्तकात असतो, तिथे छान दिसतो. बरं ते सोडा, लदीन, म्हणजे क्रुसापुढे सगळे मिळून म्हणतात ती प्रार्थना, मराठीत ती का ते? पोर्तुगीज लादाइन्या स्त्रीलिंगी आहे, पण माझ्या सासरी 'क्रुसाकडे लदीन झालं' म्हणतात आणि माहेरी 'झाली'.

बांगडातिकला : झाली. नंतर चणे मिळतत ते महत्त्वाचे.

शुद्धलेखन आजोबा : चणे नव्हे, हरभरे.