कोरी गोळी, मामांची सही आणि पापडखार

तापीकाठचा: गावच्या गटावर परवा एक संदेश फिरला: "औषधाच्या चाचणीत काहींना कोरी गोळी देऊन बीपी वाढू देतात, खान्देशी माणसाने सही करू नये." हे अर्धवट ज्ञान वाचून राहवले नाही. कोरी गोळी म्हणजे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा दाब आटोक्यात येत नाही, त्यांच्यावरील अशा चाचण्यांत सहसा चालू गोळ्या बंद होत नाहीत. नवे औषध किंवा कोरी गोळी त्या गोळ्यांच्या जोडीला दिली जाते. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅक्सड्रोस्टॅट या रक्तदाबाच्या नव्या औषधाच्या चाचणीत 12 आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचा वरचा दाब सुमारे 15 अंकांनी उतरला, पण कोऱ्या गोळीवाल्यांचाही सुमारे 6 अंकांनी उतरलाच. कोरी गोळी नसती, तर आपण सगळे श्रेय औषधाला देऊन मोकळे झालो असतो.

केळीबाग: आकडे सांगणे सोपे आहे. माझ्या मामांनी अशाच एका अभ्यासात सही केली, तेव्हा त्यांच्यापुढे पंधरा-वीस पानांचा गठ्ठा ठेवला आणि "औषध फुकट मिळेल" एवढेच सांगितले. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार संमतीपत्राची प्रत रुग्णाला द्यायची असते, हे मलाही ठाऊक आहे. परंतु नियम दिल्लीत असतो आणि अंगठा रावेरात उमटतो.

उडीदडाळ: दोघेही मुळाशी जात नाही, आधी दाब नीट मोजला का ते पाहा. आमच्याकडे एकदा आईचा दाब जिना चढून आल्याबरोबर, पोलक्याच्या बाहीवरूनच पट्टा बांधून मोजला आणि लगेच चौथी गोळी लिहिली. शिवाय, पापडाचा खार, ठेचा आणि शेवभाजी सोडा, मग नव्या औषधाचे बोला. पापडखारातही सोडियमच असते.

केळीबाग: आता सगळा दोष आमच्या पापडावर! चैत्र-वैशाखात 45 अंशांच्या उन्हात केळीच्या बागेत राबून पाहा, घामाने अंगावर मीठ साचते. अळणी खाऊन कोणी उभे राहील काय?

उडीदडाळ: आपण बागेत राबता, आपले मामा ओट्यावर बसतात. पापड मात्र दोघेही सारखेच खाता.

केळीबाग: मामांवर घसरू नका.

तापीकाठचा: मीठ कमी करणे योग्यच आहे, पण त्यावरूनही कोरी गोळी पटते. चाचणीत आल्यावर माणूस जपून खातो, गोळ्या वेळेवर घेतो आणि दाब उतरतो. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या नसा जाळण्याच्या उपचाराचे 2014 मध्ये हेच झाले: 535 रुग्णांत खऱ्या उपचाराने सुमारे 14 अंक उतरले आणि केवळ तपासणी करून उपचाराचा आभास दिलेल्यांत सुमारे 12.

उडीदडाळ: मग त्याच उपचाराला 2023 मध्ये अमेरिकेने मान्यता कशी दिली?

तापीकाठचा: तंत्र सुधारून पुन्हा आभासी गटाशीच तुलना केली, तेव्हा फरक दिसला, पहिल्या गाजावाजाच्या मानाने तो माफकच होता.

केळीबाग: मामांच्या ट्रंकेत ती प्रत सापडली, लग्नपत्रिकांच्या खाली. "चालू औषधे सुरूच राहतील" असे अकराव्या पानावर छापलेले आहे, तेव्हा तेवढ्यापुरते आपले खरे, अभिनंदन. मात्र ते वाचून दाखवण्याचे काम सही घेणाऱ्याचे होते, भाच्याचे नव्हे.