इन्फर्मेशन स्कीमा असूनही अडतंच

इन्फर्मेशन स्कीमा म्हणजे डेटाबेसमध्ये कोणती टेबलं, कोणते कॉलम आहेत हे सांगणारे ठरावीक व्ह्यू. क्वेऱ्या तिच्यावर लिहिल्या की वेंडरच्या, म्हणजे डेटाबेस बनवणाऱ्या एकाच कंपनीच्या, तावडीतून सुटका, असं एक मत आहे. मला हे अर्धंच पटतं. एसक्यूएल या क्वेरीभाषेच्या मानकात ती १९९२ च्या आवृत्तीपासून (एसक्यूएल-९२) आहे, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर या तिन्ही डेटाबेसांकडे मिळते. ओरॅकलकडे मात्र नाहीच, तिथे हीच माहिती देणारे त्यांचे स्वतःचे डिक्शनरी व्ह्यू. शिवाय इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) हा प्रकारच मानकात नाही. मायएसक्यूएलने त्यासाठी स्टॅटिस्टिक्स टेबल पदरचं घातलंय, पोस्टग्रेसमध्ये पीजी_इंडेक्सेसकडे वळावं लागतं.

आणि खरी अडचण मेटाडेटात, म्हणजे रचनेच्या या माहितीत, दिसतच नाही. सांगली मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीचं सॉफ्टवेअर आम्ही ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर आणलं. टेबलं, कॉलम, कन्स्ट्रेंट (डेटावरच्या अटी) सगळं बिनबोभाट आलं. अडलं ते पट्ट्यांच्या (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदांच्या) यादीत. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) म्हणजे नल (माहितीच नाही) धरतं, पोस्टग्रेस दोन्ही वेगळं मानतं. त्यामुळे फॉर्मवर गाडी नंबर मोकळा सोडलेल्या नव्या पट्ट्या 'इज नल' (फक्त नल असलेल्या दाखव) ही अट लावलेल्या यादीत येईनातच, ओरॅकलमधून नल म्हणूनच आलेल्या जुन्या तेवढ्या दिसायच्या. ऐन सौद्याच्या दिवसांत दिवाणजी हैराण! शेवटी सेव्ह करतानाच नलइफ लावलं, म्हणजे रिकामी स्ट्रिंग नल होऊनच साठते. ओरॅकल सोडणाऱ्यांनी अशा क्वेऱ्या आधी शोधाच, स्कीमा नंतर बघा.