काळा कागद आणि मालिकेतलं घर : तुमचे अनुभव लिहा

चरईकर
गेले काही आठवडे आमच्या घरात रोज रात्री साडेनऊला लिव्हरपूलवर बॉम्ब पडतात. नणंदेने इंग्लंडहून 'अ फॅमिली ॲट वॉर'चा डीव्हीडी संच आणलाय. ग्रॅनाडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीची जुनी मालिका, १९७० ते १९७२ मधली, ५२ भागांची. अ‍ॅश्टन नावाचं कुटुंब आणि दुसरं महायुद्ध. लढाई कमीच दिसते. कोण जेवायला आलं, कोणाचं पत्र आलं नाही, हेच जास्त. सुरुवातीला वाळूचा किल्ला दिसतो, वर झेंडा, आणि भरतीचं पाणी येऊन तो ढासळतो. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगं, जरा मागे बांधायला काय झालं होतं?"

मी भाषांतर करत बसते. त्यांना त्याची फारशी गरज पडत नाही. घरचा कर्ता एडविन मेहुण्याच्या छापखान्यात नोकरीला, म्हणजे बायकोच्या भावाच्या हाताखाली. आमच्या सासऱ्यांनी चुलत्यांच्या दुकानात अठरा वर्षं काढली, त्यामुळे एडविनचा पडलेला खांदा त्यांना लगेच ओळखू आला.

मग ब्लॅकआउटचा, म्हणजे विमानांना उजेड दिसू नये म्हणून खिडक्या झाकायचा प्रसंग आला आणि सासूबाईंनी रिमोट मागून घेतला. चित्र थांबवलं. डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध. त्यांच्या लग्नाला सहा महिने झालेले. ठाण्यातल्या दुकानांत काळा कागद मिळेना, म्हणून सासऱ्यांनी कार्बन पेपरचा गठ्ठा आणला. खळीने काचेवर चिकटवायचा. दुपारच्या उन्हात खळ सुकली की सुटायचा, संध्याकाळी पुन्हा तेच. बोटं निळी. लग्नातल्या पिवळ्या साडीच्या काठाला तो निळा ठसा अजून आहे, कपाटातून काढून दाखवला. इतक्या वर्षांत ही साडी मी कधी पाहिली नव्हती!

सध्या थोरल्या मुलीचा, मार्गारेटचा, नवरा जॉन बेपत्ता आहे आणि त्याची आई मानायलाच तयार नाही. तर मंडळी, पडद्यावरचं युद्धातलं घर बघताना तुम्हाला कुठलं घर आठवलं?

कोपरी, ठाणे पूर्व
१९८६. दूरदर्शनवर 'बुनियाद'. रमेश सिप्पींची मालिका, लेखन मनोहर श्याम जोशींचं. तशी ती फाळणीची, पण तुमच्या धाग्यात चालून जावी. आमच्याकडे टीव्ही नव्हता, शेजारच्या सिंधी कुटुंबाकडे जायचो. त्यांच्या आजीला सगळी चाळ अम्मा म्हणायची. हवेलीराम आणि लाजोजी लाहोरचे; अम्मा कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेली, तिथून कल्याण कॅम्पात, म्हणजे आताचं उल्हासनगर, आणि मग कोपरीत.

फाळणीचे भाग आले तेव्हा तिच्या सुनेला वाटलं, आता ही रडणार. अम्मा चिडायची! पडद्यावर कोणी सामान बांधायला घेतलं की मोडक्या मराठीत आम्हाला सांगायची, "कपडा काय घेते? कपडा तर कुठे पण भेटतो." मग काय घ्यायला हवं होतं, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, लाटणं. छावणीत पापड लाटून घर चालवायचं ठरलं आणि लाटणंच नव्हतं. पहिले दोन महिने औषधाच्या रिकाम्या बाटलीने लाटले, कडा जाड राहायच्या, गिऱ्हाईक परत द्यायचं.

त्यानंतर माझं लक्ष पडद्याकडे कमी आणि तिच्या खुर्चीकडे जास्त. ट्रंक दिसली की खुर्ची रिकामी, आणि आतून लाटण्याचा आवाज.

ऐरोली
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ती इंग्रजी मालिका मी चार भागांनंतर सोडली. सगळे सतत चहा पितात आणि कोणीच पूर्ण वाक्य बोलत नाही. आपल्याकडच्या फौजींच्या मालिका तर विचारूच नका, सीमेवरून आलेल्या गड्याच्या गणवेशाची इस्त्री मोडलेली नसते.

ब्लॅकआउटवरून आठवलं. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची मॉक ड्रिल झाली, यादीत आपल्या शेजारच्या उरणचं नाव होतं. आमच्या कन्येचा प्रश्न : ब्लॅकआउटमध्ये इन्व्हर्टर पण बंद का?

कळवा
१९७१ साली मी चौथीत. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशिवाय ५ पैशांचं निर्वासित मदतीचं तिकीट लावायला लागायचं, ते जमवायचा नाद होता. टीव्ही कुठला, मुंबई केंद्रच सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. युद्ध आम्ही रेडिओवर ऐकलं, तेही गोधडीत, कारण रेडिओच्या डायलचा दिवा बाहेर दिसेल अशी वडिलांना भीती.

नेरूळ
१९९९, कारगिल. भाऊ तिकडे, वहिनी आणि दोन मुलं आमच्याकडे. पत्त्यात गावाचं नाव नाही, युनिट आणि '५६ एपीओ', म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय, एवढंच. आई दर वेळी पोस्टमनला विचारायची, "अहो, एवढ्यावर पोचतं का हो?"

केबलवर बोफोर्स तोफा धडाडल्या की मुलं टाळ्या पिटायची. वहिनी आवाज बंद करायची. चित्र चालायचं, आवाज नाही. पत्र आलं की आधी तारीख बघायची. मजकूर ठरलेला, 'मी मजेत आहे'. पण तो तीन आठवड्यांपूर्वी मजेत होता, आज काय, ते पत्रात कसं असणार? मग ती बोटांवर दिवस मोजायची आणि भाजी फोडणीला टाकायची.

भाऊ परत आला, आता साताऱ्याला असतो. वहिनी आजही बातम्या आवाज बंद करूनच बघते. चरईकर ताई, तुमच्या त्या जॉनच्या आईचं काय झालं ते मात्र मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगा, वहिनीला दाखवायचं की नाही ते ठरवेन.

चरईकर
नेरूळ, व्यनि करता येणार नाही, आम्हीच अजून तिथवर पोचलो नाही. ज्यांनी पुढे बघितलंय त्यांनी इथे लिहू नका, हात जोडते. सासूबाईंनी जॉनच्या आईची बाजू घेतलीय. ती बाई पडद्यावर आली की म्हणतात, "हिला बोलू दे, तू मध्ये भाषांतर करू नकोस."

कुकरची तिसरी शिट्टी झाली. पुढचा भाग लावते.