घरच्या मशीनवर बीपी दर वेळी वेगळं येतं, वहीत कुठला आकडा लिहायचा?

खारीबटर
आई, वय ६४. बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० रोज सकाळी एक, दोन वर्षांपासून. शुगर नाही. दवाखान्यात १६०/९० निघालं म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर घरी मोजून वही आणायला सांगितलंय, गोळी वाढवायची की नाही ते मग ठरवू म्हणाले. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन आणलं. पाठोपाठ तीनदा मोजलं तर १५४/८८, १४५/८६, १३९/८२. यातला खरा कुठला? मशीन परत करावं का?

चहापोळी
एवढं टेन्शन कशाला घेताय? वयात १०० मिळवा, तेवढं बीपी चालतं. ६४ ला १६४ म्हणजे नॉर्मलच की.

स्टेथो
चहापोळी, हा हिशोब कधीच मोडीत निघालाय. वय वाढलं की रक्तवाहिन्या कडक होतात आणि वरचं बीपी चढतं हे खरं, पण चढलेलं बीपी निरुपद्रवी असतं असं त्यातून निघत नाही. पक्षाघाताचा धोका साठीनंतरही त्याच आकड्यांबरोबर वाढतो. दवाखान्यात १४०/९० आणि घरी १३५/८५, या रेषेच्या वर सरासरी राहिली तर ते वाढलेलंच.

खारीबटर, मशीन परत करू नका. पहिला आकडा जास्त आणि पुढचे उतरते हे नेहमीचंच आहे. पट्टा पहिल्यांदा आवळला की माणूस थोडा दचकतो. शिवाय मध्ये वेळ न सोडता लगेच दाबलंत तर दंडात रक्त साठलेलं असतं, आकडा भरकटतो. दोन मापांत एक मिनिट जाऊ द्या.

मोजायचं असं. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवी करून आल्यावर, पण चहा, नाश्ता आणि गोळीच्या आधी. गोळीच्या आधी अशासाठी की कालच्या गोळीचा जोर २४ तास टिकला का ते तेव्हाच कळतं. संध्याकाळी जेवणाच्या आधी. चहा, तंबाखू किंवा जिना चढणं झालं असेल तर अर्धा तास थांबा. पाठ टेकून खुर्चीवर, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नको. पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसलं तरी आकडा वर जातो. पाच मिनिटं गप्प बसायचं. टीव्ही बंद, फोन बंद, आणि मशीन चालू असताना 'किती आलं गं' हेही नको. नुसत्या बोलण्याने वरचं बीपी सहज १० ने वाढतं.

हात टेबलावर, पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या उंचीला. हात मांडीवर ठेवला की पट्टा खाली जातो आणि दर १० सेंटीमीटरला ७-८ अंक फुकटचे वाढतात.

दर वेळी दोन मापं, दोन्ही लिहायची. सात दिवसांची २८ होतील. पहिल्या दिवसाची चार सोडा, उरलेल्या २४ ची सरासरी काढा, वरच्याची वेगळी, खालच्याची वेगळी. 'खरा आकडा' म्हणाल तर तो हा.

वॉर्ड_नं_४
वरचं सगळं बरोबर, पण दंडाचा घेर कुणी विचारलाच नाही. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर शिवणाची टेप लावा. मशीनबरोबर येणारा साधा पट्टा बहुतेक २२ ते ३२ सेंटीमीटरचा असतो, पट्ट्यावरच छापलेलं असतं. दंड त्याहून जाड असेल तर आतली हवेची पिशवी पुरेशी वेढा घालत नाही, रक्तवाहिनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि बीपी खोटं जास्त दिसतं. सहज ५ ते १०, फारच जाड दंडाला २० पर्यंत. त्याच कंपनीचा मोठा पट्टा वेगळा मिळतो. दुसऱ्या कंपनीचा जोडू नका, मशीनचं गणित तिच्या पट्ट्यावर बसवलेलं असतं.

पट्टा कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूने खाली, आणि बांधल्यावर आत एक-दोन बोटं जातील इतपत सैल. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून मोजतात, ते नको. ती बाहीच वर आवळपट्टी होऊन बसते. सैल बाहीचा गाऊन किंवा मोकळा दंड.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे धरा. दोघांत १० पेक्षा जास्त फरक कायम येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि जाताना मशीन बरोबर न्या. त्यांच्या आणि तुमच्या मशीनवर त्याच हाताचं आलटूनपालटून घ्या, ५ च्या आत फरक असेल तर निर्धास्त राहा. मात्र नाडी अनियमित असेल तर डिजिटल मशीन गोंधळतं. ते ठोके ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजून आकडा काढतं. स्क्रीनवर अनियमित ठोक्याची खूण पुन्हा पुन्हा दिसली तर ईसीजी काढून घ्या.

खारीबटर
टेप लावली, घेर ३५! पट्ट्यावर २२-३२. मोठा मागवतो. मोजत होतो ते चहानंतर, सोफ्यावर, हात मांडीवर. आणखी दोन गोष्टी सांगतो: गुडघ्यासाठी आई आठवड्यातून तीन-चार वेळा डायक्लोफिनॅक घेते, आणि सकाळी उठताना कधी कधी घेरी येते म्हणते.

स्टेथो
या दोन्ही गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक ही सगळी वेदनाशामकं एकाच कुळातली. शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनचा परिणाम कमी करतात. त्यात उद्या लघवीची गोळी जोडली गेली तर तिन्ही मिळून किडनीला चांगलाच फटका बसू शकतो, विशेषतः जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तेव्हा. गुडघ्यासाठी साधी पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम आणि मांडीचे व्यायाम यांबद्दल विचारा. पॅरासिटामॉल पाण्यात फसफसणारी नको, एकेका गोळीत बराच सोडियम असतो. पित्तावर घेतात त्या फसफसत्या पावडरीचंही तेच.

घेरीसाठी बसल्यावरचं बीपी घ्या, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचं २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर गोळी वाढवताना डॉक्टर हात राखून वाढवतील. हे मोजताना शेजारी कुणीतरी उभं राहा.

वॉर्ड_नं_४
मिठाकडे वळा. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, सुकट, पाव सगळं आलं. सैंधव चालतं असं समजणारे भरपूर आहेत, पण तेही सोडियम क्लोराइडच. 'लो सोडियम' मीठ मात्र विचारल्याशिवाय नको. त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं, आणि किडनी मंदावलेली असेल तर ते धोक्याचं ठरतं. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळण्याची सवय असेल तर तीही सांगा, त्याने बीपी चढतं. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिनही तसंच.

चहापोळी
बरं बाबांनो, १०० चा हिशोब मागे घेतला. पण समजा सरासरी १४८ च निघाली, तर ४० ची ८० करायची, एवढंच ना?

स्टेथो
स्वतःहून तर नाहीच. बऱ्याचदा एकाच गोळीची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या जातीची कमी मात्रेत जोडली की बीपी जास्त उतरतं, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन ४० बरोबर अॅम्लोडिपिन ५. अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते, १० च्या मात्रेला जास्त. ती किडनीची सूज समजून लोक घाबरतात आणि लघवीची गोळी मागतात, पण त्या सुजेवर तिचा फारसा उपयोग नसतो. टेल्मिसार्टन सोबत असली की सूज कमी येते. टेल्मिसार्टन वाढवलीच तर दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कसं काम करतेय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं. पूर्ण परिणाम दिसायला चारेक आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी 'फरक नाही' म्हणून डॉक्टर बदलू नका. आणि डायक्लोफिनॅक सुटल्यावर, मोठ्या पट्ट्याने मोजल्यावर कदाचित वाढवायची गरजही उरणार नाही.

खारीबटर
एकदम १८०-१९० दिसलं तर? शेजारचे काका अशा वेळी जिभेखाली कॅप्सूल फोडून ठेवतात.

वॉर्ड_नं_४
काकांना थांबवा. ती निफेडिपिनची कॅप्सूल, बीपी धाडकन पाडते आणि मेंदूचा-हृदयाचा रक्तपुरवठा घटतो. १८०/१२० च्या वर दिसलं तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूची शक्ती जाणं, बोबडी वळणं, अचानक अंधुक दिसणं, असह्य डोकेदुखी यांतलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. त्रास काहीच नसेल तर गोळी चुकली का ते बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मोठा पट्टा आला की वहीत तारखेची रेघ मारून नव्याने सुरू करा, जुने आकडे त्या सरासरीत मिसळू नका.